खतावणीत न उतरलेली तूट

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी धान्यबाजाराविषयी चार शब्द लिहून द्यावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. लेखणीचा सराव म्हणाल तर रोजकीर्द व खतावणी लिहिण्यापुरता. परंतु जवळजवळ पन्नास वर्षे बेळगावच्या बाजारात पेढीवर बसून आम्ही ज्वारी, तूर, हरभरा, गहू आणि तांदूळ यांची पोती येताना व जाताना पाहिली आहेत. या मालाविषयी जी एक गोष्ट आम्ही इतक्या वर्षांत कधीच वहीत उतरवली नाही, ती आता उतारवयात मनाला बोचू लागली आहे. तीच व्यापारीबंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रत्येक धान्यव्यापाऱ्याच्या वहीत घटीचे एक खाते असते. पोते भरताना जे वजन होते, ते विकताना राहत नाही. थोडी ओल उडते, थोडे उंदीर नेतात, थोडे कीड खाते, थोडे हमालांच्या पायांखाली सांडते. वर्षाअखेर आपण ती घट रुपयांत लिहितो, नफ्यातून वजा करतो आणि दिवाळीला नवी वही पूजतो. एवढ्यावर आपला हिशेब पुरा होतो. तो खरोखर पुरा होतो काय, हाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम आमचाच एक अपराध सांगतो. २०१५ साली तूरडाळीचे भाव किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेले होते, हे सर्वांस आठवत असेल. त्या तेजीच्या मोहात २०१६ च्या आरंभी आम्ही क्विंटलला नऊ हजारांच्या आसपास भावाने तूर खरेदी केली. साठा नियमाच्या मर्यादेतच होता; परंतु नियम पाळला म्हणून शहाणपण आले असे होत नाही. उन्हाळ्यात भाव थोडा उतरला, तेव्हा चिरंजीवांनी माल काढून टाकण्याविषयी सुचविले. आम्ही ऐकले नाही. पावसाळ्यात वखारीच्या मागच्या भिंतीतून ओल आली, पोत्यांच्या खालच्या थरांत भुंगेरे शिरले. आम्ही धुरीच्या गोळ्या ठेवल्या; पण ताडपत्री नीट बंद नव्हती, वायू निघून गेला आणि कीड राहिली. हिवाळ्यात नवे पीक बाजारात आले. देशात त्या हंगामात तुरीचे विक्रमी उत्पादन झाले आणि भाव सरकारी हमीभावाच्याही खाली, पाच हजारांच्या आत गेला. आमची साठ क्विंटल तूर शेवटी पशुखाद्यवाल्यास मिळेल त्या भावाने द्यावी लागली, आणि त्यातलीही काही त्याने नाकारली. ती उकिरड्यावर गेली.

पोती बाहेर काढताना आमच्याकडील हमालांचा वृद्ध मुकादम म्हणाला, "सावकार, पैका पुढच्या साली परत येईल वो. पण एवढी तूर कुणाच्या पोटाला जाणार होती!" त्या दिवशी आम्हांस त्याचा रागच आला. वहीत आम्ही रुपयांची तूट लिहिली आणि विषय संपविला. पुढे कित्येक दिवसांनी एका रात्री सहज हिशेब केला. कोरडवाहू जमिनीत एकरी तीन-साडेतीन क्विंटल तूर येते. म्हणजे आमच्या वखारीत जे सडले, ते अठरा एकरांचे पीक होते. अठरा एकर जमीन सहा महिने गुंतून राहिली, एका संपूर्ण पावसाळ्याचे पाणी तिने प्यायले, दहा-बारा घरांनी तिच्यात पेरणी, कोळपणी, कापणी व मळणी केली. आणि हे सर्व आमच्या एका ओल्या भिंतीने व एका हावेने मातीस मिळविले. ही तूट आमच्या खतावणीत कोठेच नव्हती.

आता वाचक विचारतील की, एका व्यापाऱ्याच्या साठ क्विंटल तुरीचा आणि जगाच्या अन्नप्रश्नाचा संबंध काय? संबंध आहे, तो दाखविण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या लहानपणी, १९७२ च्या दुष्काळात, सोलापूर जिल्ह्यातील आमच्या आत्याच्या घरी रेशनवर लाल मिलो मिळत असे. ही परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी धड थापली जात नसे, आणि घशाखाली उतरताना तर विचारूच नये. तीसुद्धा मोजूनमापून मिळे. त्याच्या काही वर्षे आधी, १९६६ साली, देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले होते. जहाज बंदरास लागले की ताट वाढले जाई, अशी स्थिती होती. त्याच वर्षी मेक्सिकोतून अठरा हजार टन ठेंगण्या गव्हाचे बियाणे आणण्यात आले. अन्नमंत्री चि. सुब्रह्मण्यम, शास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन आणि परदेशी डॉ. बोरलॉग यांच्या प्रयत्नांस पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी साथ दिली. १९५०-५१ साली देशात पाच कोटी टन अन्नधान्य पिकत होते. २०२४-२५ साली ते पस्तीस कोटी टनांच्या पुढे गेले. लोकसंख्या चौपट झाली, धान्य सातपट झाले. ज्याने मिलोची भाकरी खाल्ली आहे, तो या पराक्रमाला नावे ठेवू शकत नाही. आजकाल शहरात बसून हरितक्रांतीला शिव्या देण्याची जी एक तऱ्हा निघाली आहे, तिच्याशी आम्ही सहमत नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो.

परंतु प्रत्येक मालाची किंमत असते आणि ती कोणीतरी, कधीतरी चुकवीत असतो. पंजाबचे उदाहरण घ्या. १९७०-७१ साली तेथे भाताखाली सुमारे चार लाख हेक्टर जमीन होती. आज ती तीस लाख हेक्टरांच्या वर आहे. भात हे मूळचे तेथील मुख्य पीक नव्हे. परंतु सरकारी खरेदीची हमी मिळाली, १९९७ पासून पंपाला मोफत वीज मिळाली, आणि शेतकऱ्याने जे शहाण्या माणसाने करावे तेच केले. परिणाम असा की, जमिनीत दरवर्षी जेवढे पाणी मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी तेथे उपसले जाते. भांडवल मोडून संसार चालविणाऱ्या पेढीचे पुढे काय होते, हे आम्हां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको.

यावर उपाय म्हणून पंजाब सरकारने २००९ साली कायदा करून जूनच्या दहा तारखेपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. हेतू चांगला होता. कडक उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन जाऊ नये हा. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. मग शेतकरी भाताचा पेंढा शेतातच पेटवू लागला. तोच धूर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंड हवेत दिल्लीवर साचतो. पाणी वाचविण्यासाठी केलेला उपाय हवेच्या मुळावर आला. अन्न, पाणी, हवा आणि भाव ही चारही खाती एकमेकांत गुंतलेली आहेत. एकातली रक्कम खोडली की ती दुसऱ्यात उमटते, हा त्यातील धडा होय.

एक किलो तांदूळ पिकविण्यास शेतात सरासरी अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी द्यावे लागते, असे शास्त्रज्ञ सांगतात. आपला देश वर्षाकाठी सुमारे दोन कोटी टन तांदूळ परदेशी पाठवितो. जगाच्या तांदूळ व्यापारातील जवळजवळ चाळीस टक्के वाटा आपला आहे. हा आकडा वाचून व्यापारी म्हणून छाती फुगते, आणि त्या प्रत्येक पोत्याबरोबर किती पाणी जहाजात चढले याचा विचार केला की ती पुन्हा खाली बसते. शिवाय भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यातून मिथेन वायू निघतो, युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि हे दोन्ही वायू हवा तापवितात. माणसाच्या कृतीने हवेत जे उष्णता धरणारे वायू जातात, त्यांतील पाव ते तृतीयांश हिस्सा अन्न पिकविणे, वाहून नेणे, शिजविणे व फेकणे यांतून येतो. माणूस नद्या-विहिरींतून जे गोडे पाणी घेतो, त्यातील सुमारे सत्तर टक्के शेतीस लागते.

आणि तापलेली हवा पुन्हा अन्नावरच उलटते. २०२२ च्या मार्च महिन्यात उत्तर भारतात असा उन्हाळा पडला की, तयार होत आलेल्या गव्हाचा दाणाच आखडला. त्याच सुमारास, २४ फेब्रुवारीपासून, रशिया-युक्रेनचे युद्ध सुरू झालेले होते. जगातील गव्हाच्या निर्यातीचा तीस टक्क्यांच्या आसपास वाटा या दोन देशांचा. जगास वाटले की आता भारत गहू पुरवील. परंतु १३ मे २०२२ रोजी आपल्या सरकारने गव्हाची निर्यात बंद केली, कारण घरचाच पुरवठा आक्रसला होता. पुढील वर्षी, २० जुलै २०२३ रोजी, बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविण्यात आली; ती २८ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा खुली झाली. आपल्यापैकी काहींचे सौदे त्यात अडकले व आपण तक्रार केली. पण आफ्रिकेतील ज्या गरीब देशांचे रोजचे ताट आपल्या तांदळावर चालते, त्यांच्या बाजारात त्या दिवसांत काय झाले असेल? २०२४ सालीही जगात सुमारे सदुसष्ट कोटी माणसे उपाशी होती असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. एका प्रांतातील उन्हाळा आणि एका सरकारचा हुकूम मिळून दुसऱ्या खंडातील चूल विझवू शकतात, असे आजचे अन्नाचे जग आहे.

मग उत्पादनच कमी करावे, खते बंद करावीत, असे सांगणारेही भेटतात. त्यांनी श्रीलंकेकडे पाहावे. २०२१ साली त्या देशाने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे पीक घसरले, चहाचेही घसरले, आणि काही महिन्यांतच हुकूम मागे घ्यावा लागला. जमिनीची काळजी घ्यावयाची ती पोटाची काळजी घेऊनच. पूर्वतयारीवाचून केलेला धर्मसुद्धा गरिबाच्याच अंगावर येतो.

येथे आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. हा विषय निघाला की आपल्यातील बरेच जण समाधानाने सांगतात, "आम्ही शाकाहारी, आमचा या पापात वाटा नाही." यातील अर्धी गोष्ट खरी आहे आणि तिचा अभिमान आम्हांसही आहे. जगातील शेतजमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जनावरे व त्यांचा चारा यांसाठी गुंतला आहे, आणि त्यातून माणसास मिळणारी अन्नशक्ती एकूण अन्नशक्तीच्या एक-पंचमांशाहूनही कमी आहे. डाळ-भाकरी खाणारा माणूस पृथ्वीवर कमी ओझे टाकतो, हे आज शास्त्रानेही मान्य केले आहे. परंतु त्या जनावरांच्या हिशेबात दूध-तूपही येते, हे विसरू नये. आणि आपल्या ताटातील भात, साखर व मिठाई यांचे काय? आपल्याच जिल्ह्यात चिकोडी, अथणी, गोकाककडे उसाने किती पाणी व्यापले आहे, हे आपण रोज पाहतो. ताटात हिंसा नसली म्हणजे ताटामागेही नसते, असे नाही.

याच्या जोडीला आपल्या पंगती. गेल्या वर्षी एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नात आम्ही शेवटपर्यंत थांबलो होतो. बुफेची टेबले उचलली गेली तेव्हा आचाऱ्याच्या माणसांनी चार मोठी पातेली भात मागच्या नाल्याशी रिकामी केली. सहज विचारले, सुमारे चाळीस किलो तांदूळ असेल, असे तो म्हणाला. चाळीस किलोला अडीच हजार लिटरप्रमाणे एक लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे दहा टँकर झाले. उन्हाळ्यात ज्या गावी एक टँकर आला तर बायाबापड्या घागरी घेऊन धावतात, तेथे दहा टँकर रस्त्यावर सोडून देण्याची कोणाची छाती होईल काय? भाताच्या रूपाने मात्र ते आपण हसतखेळत सोडतो. आमच्या मातोश्री जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पीत असत. आपल्या कित्येक घरांत ही रीत होती व अजून काही घरांत आहे. साधू-साध्वींच्या आहारातील काटेकोरपणा आपण डोळ्यांनी पाहतो, त्यांस हात जोडतो, आणि मांडवात येताच विसरतो. २०२२ या एका वर्षात जगात घरे, खानावळी व दुकाने यांतून एकशे पाच कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साठ टक्के घराघरांतून गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा हिशेब आहे. म्हणजे हा दोष केवळ सरकारी गोदामांचा नव्हे.

आता आपल्या धंद्याकडे येतो. आमच्या वडिलांच्या काळी आमची पेढी ज्वारीची म्हणून ओळखली जाई. अथणी-विजापूरकडची रब्बी ज्वारी बैलगाड्यांनी व पुढे ट्रकांनी येई. ही ज्वारी काळ्या जमिनीत परतीच्या पावसानंतर पेरतात आणि ती जमिनीत साठलेल्या ओलीवर, वरून पाण्याचा थेंब न घेता पिकते. दाणा माणसास व कडबा जनावरास. वाया जाणारे काही नाही. सत्तरच्या दशकात देशात दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते. आज ते चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास उरले आहे.

हे का झाले? रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले हे एक कारण. भाकरी थापण्यास वेळ व हात लागतो हे दुसरे. पावसाळी संकरित ज्वारीला कणसातच बुरशी धरून दाणा काळा पडे, त्यामुळे तिचे नाव खराब झाले हे तिसरे. परंतु चौथे कारण आम्ही व्यापारी आहोत आणि ते कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो. नव्वदीच्या दशकात आम्ही स्वतः ज्वारीचे ढीग कमी करून गहू व तांदूळ वाढविला, कारण त्यात उलाढाल वेगाने होई. शेतकरी स्वच्छ, वाळलेली मालदांडी घेऊन आला तरी आम्ही तिला मिसळीच्या मालाचाच भाव लावला. दोन-तीन हंगाम असे झाल्यावर त्या शेतकऱ्याने कूपनलिका खणली व ऊस लावला. त्यास आम्ही दोष कोणत्या तोंडाने द्यावा? बाजार ज्यास भाव देत नाही, ते शेतातून नाहीसे होते. येळ्ळूरच्या बासमतीचा सुवास ज्यांनी घेतला आहे, त्यांस यावर अधिक सांगणे नलगे.

२०२३ हे वर्ष आपल्या देशाच्या प्रस्तावावरून जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. ज्या धान्यास काल गरिबाचे म्हणून नाके मुरडली जात होती, ते श्रीअन्न झाले, आणि आज चांगली मालदांडी कित्येकदा गव्हाहून महाग विकते. यात आनंद आहे आणि धोकाही आहे. ज्वारी श्रीमंतांच्या पथ्याचा पदार्थ होऊन बसली आणि ज्यांचे आजोबा तिच्यावर जगले त्यांस ती परवडेनाशी झाली, तर अन्नसुरक्षेस तिचा काय उपयोग?

कडधान्याची कथा याहून विचार करण्यासारखी आहे. तूर, मूग, हरभरा ही पिके मुळांवरील गाठींत हवेतील नत्र धरून ठेवतात. त्यांस युरिया जवळजवळ लागत नाही आणि पुढच्या पिकाचीही बेगमी ती करून जातात. जमिनीस इतका सोयीचा दुसरा माल नाही. तथापि जगात सर्वांत अधिक कडधान्य पिकविणारा आपला देशच सर्वांत अधिक आयातही करतो. तूर म्यानमार व मोझांबिकहून, मसूर व पिवळा वाटाणा कॅनडाहून, हरभरा ऑस्ट्रेलियाहून येतो. २०२४-२५ साली ही आयात सत्तर लाख टनांच्या पुढे गेली.

आता व्यापाऱ्याचा हिशेब मांडू. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे काढणीपासून विक्रीपर्यंत तृणधान्याची सुमारे चार ते सहा टक्के आणि कडधान्याची सुमारे साडेपाच ते सात टक्के नासाडी होते. देशाचे कडधान्य उत्पादन अडीच कोटी टनांच्या आसपास आहे. सहा टक्क्यांनी पंधरा लाख टन होतात. म्हणजे आपण जेवढे परदेशातून आणतो, त्याचा एक-पंचमांश भाग आपण शेत, खळे, रस्ता व वखार यांत गमावतो. त्यासाठी नवी जमीन नांगरावी लागणार नाही, नवे धरण बांधावे लागणार नाही, एक गोणी युरिया अधिक लागणार नाही. आहे ते राखावयाचे आहे. आणि राखणे हा तर व्यापाऱ्याचा पिढीजात धर्म.

आमच्या आजोबांच्या काळी पेव असे. जमिनीत खोदलेल्या त्या कोठारात धान्य भरून तोंड मातीने लिंपून बंद करीत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरावयाचे नाही, आधी कंदील सोडून पाहावयाचा, ही आज्ञा कडक असे. कारण आत प्राणवायू उरलेला नसे. माणूस जेथे जगत नाही तेथे कीडही जगत नाही, एवढेच त्या युक्तीचे रहस्य. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळी साठविण्यासाठी थरांच्या हवाबंद पिशव्या तयार केल्या, त्यांचे तत्त्व पेवाचेच आहे. तशा पिशव्या आता आपल्याकडेही मिळतात. आपण मात्र पेव बुजविले आणि विषारी गोळ्यांवर भिस्त ठेवली. त्या गोळ्या अर्धवट वापरल्याने त्यांस न जुमानणाऱ्या किडीच्या जाती निर्माण झाल्या आहेत; आमच्या तुरीची हकीकत वर आलीच आहे. हवाबंद पिशवीतही आतील कीड मरतेच, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून खरा मार्ग कीड होऊच न देण्याचा: माल नीट वाळवावा, स्वच्छ करावा, कोरड्या जागी ठेवावा. यत्नाचार म्हणजे जपून वागणे, हे आपण प्रवचनात ऐकतो. वखारीत त्याचा अर्थ एवढाच आहे.

काही बंधू म्हणतील, "ही कामे सरकारची. हमीभाव, वीज, आयात, निर्यात सर्व दिल्लीच्या हाती. आपण भाव पाहून माल घ्यावा व द्यावा." यात तथ्य आहे. पंजाबचे पाणी बेळगावच्या बाजारातून वाचणार नाही. परंतु शेतकरी व ताट यांच्या मधल्या वाटेवर आपणच उभे आहोत. माल कोणत्या भावाने घ्यावा, किती दिवस ठेवावा, कसा ठेवावा हे दिल्ली ठरवीत नाही, आपण ठरवितो. अपरिग्रहाचा अर्थ काहींनी व्यापार सोडणे असा केला, तो आम्हांस मान्य नाही. जे आपल्या हाती सोपविले आहे ते दुसऱ्याच्या तोंडचे आहे, याची आठवण ठेवून ते बाळगणे, एवढा अर्थ गृहस्थाने घेतला तरी पुष्कळ झाले.

म्हणून संघापुढे आमच्या चार नम्र सूचना आहेत. पहिली: प्रत्येक सभासदाने घटीचे खाते रुपयांबरोबर किलोतही लिहावे, आणि दिवाळीच्या वहीपूजनानंतर तो आकडा संघास द्यावा. संघाने कोणाचेही नाव न छापता केवळ एकूण बेरीज पुढील स्मरणिकेत प्रसिद्ध करावी. आपली तूट चारचौघांत येणे कोणास आवडत नाही. म्हणूनच ती कमी होईल. दुसरी: संघाने ओल मोजण्याची यंत्रे घेऊन बाजारात ठेवावीत, आणि वाळलेल्या व स्वच्छ ज्वारी-तुरीस सभासदांनी ठरवून चढा भाव द्यावा, म्हणजे चांगला माल आणणाऱ्या शेतकऱ्यास त्याचे मोल दिसेल. तिसरी: ज्यांच्या वखारीत ओल येते, त्यांनी कडधान्य पावसाळ्यापार धरून ठेवू नये, तेजीची आशा भिंतीची ओल थांबवीत नाही. चौथी: संघाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यापासूनच आरंभ करावा. पंगत बसवून वाढावे, भाकरी असावी, मागेल तेवढेच पान पडावे आणि उरलेले अन्न त्याच दिवशी गरजूंच्या घरी पोहोचावे. पुढे ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांस संघाने हाच नमुना दाखवावा.

या सूचनांनी जगाची भूक मिटेल असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु आपल्या संघाच्या सभासदांच्या वखारींतून वर्षाला हजारो टन धान्य जाते. त्यातील शंभरास एक किलो वाचला, तरी तो किती एकरांचा होतो याचा हिशेब ज्याचा त्याने आपल्या वहीत करून पाहावा.

आमची वखार आता दुरुस्त झाली आहे. मागच्या भिंतीस बाहेरून गिलावा केला, पोत्यांखाली फळ्या घातल्या. गेल्या दिवाळीपासून आमच्या खतावणीत घटीच्या पानावर आम्ही एक नवा रकाना ओढला आहे. त्यात किलो लिहितो, आणि त्यापुढे अंदाजाने एकर. पहिल्या वर्षाचा आकडा वाचून लाज वाटली. तो वृद्ध मुकादम आता कामावर येत नाही. पण पुढील दिवाळीस त्याच्या घरी जाऊन ते पान त्यास दाखवावे, आणि तोपर्यंत तो आकडा निम्म्यावर आलेला असावा, अशी इच्छा आहे. संघाच्या बेरजेत तो आकडा प्रथम आमचा मिळवावा, अशी संपादक मंडळास विनंती करून हा लेख पुरा करतो.

जय जिनेंद्र.